सार्वजनिक पैशांवर झालेल्या संशोधनाची विदा (डेटा): राष्ट्रीय धोरणात नेमके काय असावे?

जुनी टिपणवही (धागाकर्ता)

दोन वर्षांपूर्वी मी एका सरकारी अनुदानित संशोधन संस्थेतून निवृत्त झालो. खोली रिकामी करताना कपाटाच्या तळाशी पुठ्ठ्याच्या खोक्यात एकोणतीस फ्लॉप्या सापडल्या. १९९१ ते १९९६ या काळात आम्ही काही तालुक्यांतल्या विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला मोजत होतो, त्या नोंदी त्यांवर आहेत. त्या मोजणीवर तीन शोधनिबंध निघाले, एकाला पीएच.डी. मिळाली, अंतिम अहवाल निधी देणाऱ्या खात्याकडे गेला आणि काम समाधानकारक झाल्याचा शेरा मारून फाईल बंद झाली. शोधनिबंधांत आलेख आहेत, पण ज्या आकड्यांवरून ते काढले ते आकडे आता फक्त त्या खोक्यात आहेत. आज त्याच तालुक्यांच्या भूजलावर काम करणाऱ्या एखाद्या मुलीला तीस वर्षांपूर्वीची पातळी हवी असेल, तर तिने ती कोणाकडे मागावी, हे मला सांगता येत नाही.

या विषयावर आपल्याकडे धोरणे नाहीत असे मात्र नाही. २०१२ साली विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने राष्ट्रीय विदा सहभाजन व सुलभता धोरण अधिसूचित झाले. केंद्र सरकारच्या पैशांतून गोळा झालेली असंवेदनशील विदा लोकांना मिळाली पाहिजे, असे ते सांगते आणि स्वायत्त संस्थांनाही ते शब्दशः लागू आहे. प्रत्यक्षात प्रत्येक खात्याने तीन महिन्यांत किमान पाच मोलाचे विदासंच सरकारी संकेतस्थळावर चढवावेत, अशा पद्धतीने त्याची अंमलबजावणी झाली. त्यामुळे खात्यांची तक्ते-कोष्टके तिथे पोहोचली आणि प्रयोगशाळेतल्या किंवा शेतातल्या संशोधन प्रकल्पाची विदा बाहेरच राहिली. धोरण तयार करणारा विभागच देशातला एक मोठा संशोधन-निधीदाता आहे, ही त्यातली गंमत. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये त्याच विभागाने जैवतंत्रज्ञान विभागाबरोबर मुक्त प्रवेशाचे धोरण काढले. त्याचा सारा भर शोधनिबंधाची स्वीकृत प्रत संस्थेच्या भांडारात ठेवण्यावर होता. २०२० च्या अखेरीस चर्चेसाठी आलेल्या पाचव्या विज्ञान, तंत्रज्ञान व नवोन्मेष धोरणाच्या मसुद्यात मात्र सार्वजनिक निधीतील संशोधनाची विदा सर्वांना उपलब्ध व्हावी, असे स्पष्ट शब्दांत लिहिले होते. तो मसुदा मसुदाच राहिला.

शोधनिबंध वाचायला मिळावेत यासाठी सरकारने खर्चाची तयारी दाखवली आहे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा पसारा आहे. या योजनेला माझा विरोध नाही, लहान गावातल्या महाविद्यालयांना ती वरदानच आहे. परंतु आपल्याच पैशांवर झालेल्या संशोधनाचे निष्कर्ष परकीय प्रकाशकांकडून विकत घेऊन वाचायचे आणि ज्या मोजमापांवर ते निष्कर्ष उभे आहेत ती खोक्यात कुजू द्यायची, हा हिशेब मला पटत नाही.

चर्चेसाठी माझी सूचना अशी आहे: प्रकल्प संपल्यापासून दोन वर्षांची मुदत सर्व विषयांना सारखी द्यावी, त्यानंतर विदा आपोआप खुली व्हावी, आणि विदा भांडारात जमा झाल्याचा दाखला मिळाल्याखेरीज अनुदानाचा शेवटचा हप्ता सोडू नये. मते कळवावीत, विरोधी मते तर अवश्य.

(डेटा या शब्दासाठी मी ‘विदा’ वापरला आहे. ज्यांना तो खटकतो त्यांनी खुशाल ‘डेटा’ वाचावे.)

खोडदचा शेजारी

विषय महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर काही अंशी आपल्या पुणे जिल्ह्यातच पंचवीसेक वर्षांपासून उभे आहे. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांवर निरीक्षणाची वेळ हवी असेल तर जगातल्या कोणत्याही खगोलशास्त्रज्ञाला प्रस्ताव पाठवता येतो. वेळ मिळाली आणि निरीक्षण झाले की विदा दुर्बिणीच्या भांडारात जमा होते. पुढचे अठरा महिने ती फक्त प्रस्ताव देणाऱ्याची असते आणि त्यानंतर नोंदणी केलेल्या कोणालाही घेता येते. मुदत संपताना कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणाची मनधरणीही करावी लागत नाही.

या नियमाचा लाभ काय झाला, त्याचे एकच उदाहरण देतो. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झ या वारंवारितेवर जवळजवळ सगळे दिसणारे आकाश पिंजून काढले. निरीक्षणे घेणाऱ्या गटाने टप्प्याटप्प्याने काही भाग प्रसिद्ध केला, पण काम प्रचंड होते. मुदत संपून ती विदा भांडारात खुली होती, म्हणून दुसऱ्याच एका आंतरराष्ट्रीय गटाने ती सगळी उचलली, आयनांबरामुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) येणारी विकृती दुरुस्त करणारी नवी पद्धत वापरून पुन्हा पहिल्यापासून प्रक्रिया केली आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी जगाला दिली. आकाशाचा ९० टक्के भाग तिच्यात येतो. खोडदच्या तबकड्यांनी टिपलेले हे आकाश आज जगभरच्या शोधनिबंधांत वापरले जाते आणि प्रत्येक ठिकाणी दुर्बिणीचे नाव येते. विदा देऊन टाकल्यामुळे आपले काही गेले असे मला तरी वाटत नाही.

ॲस्ट्रोसॅट या भारताच्या खगोल-निरीक्षण उपग्रहाचेही तसेच झाले: २०१५ च्या सप्टेंबरात तो सोडला आणि २०१८ च्या सप्टेंबरपासून त्याच्या भांडारातली विदा सर्वांसाठी खुली झाली.

तरीही धागाकर्त्यांच्या सूचनेत मला एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. आमच्याकडे मुदतीचा नियम चालतो तो संशोधक सज्जन असतात म्हणून नव्हे. विदा त्यांच्या हाती पडण्याआधीच भांडारात गेलेली असते, हे त्याचे खरे कारण आहे. प्रकल्प संपल्यावर ‘आता आणून द्या’ म्हणाल तर कोणी तरी लॅपटॉप बदललेला असेल, कोणी परदेशी गेलेला असेल. जमा करण्याची वेळ शेवटी ठेवू नका, मोजमाप होईल तशी विदा जमा झाली पाहिजे आणि मुदत फक्त दार उघडण्याला असावी.

ओपीडी

खगोलशास्त्राचे उदाहरण वाचताना हेवा वाटतो, कारण तारे संमतीपत्रावर सही करत नाहीत. मी साथरोगशास्त्रात काम करते. आमच्या विदेत माणसे असतात, आणि ‘सर्व विषयांना सारखी दोन वर्षे’ हे वाक्य कोणत्याही नीतिमत्ता समितीपुढे एक मिनिटही टिकणार नाही.

नाव, पत्ता आणि आधार क्रमांक काढून टाकला की विदा अनामिक झाली, असा समज सरकारी बैठकांतून अजून ऐकू येतो. एखाद्या तालुक्यातली अमुक वयाची, अमुक जमातीची, सिकलसेल असलेली आणि जुळ्यांना जन्म दिलेली स्त्री एकच असेल, तर तिला ओळखायला नाव लागत नाही, गावातली आशाताईसुद्धा सांगेल. आपल्याकडे शेकडो अंतर्विवाही (आपापसांतच लग्ने करणारे) समाज आहेत, त्यामुळे जनुकीय विदेत धोका एकट्या व्यक्तीला नसून अख्ख्या समूहाला असतो. एखाद्या लहान जमातीवर ‘या रोगाची जमात’ असा शिक्का बसला, तर तो पुसण्याचे काम कोणते धोरण करणार आहे?

म्हणून जीनोम इंडिया प्रकल्पाने निवडलेला मार्ग मला योग्य वाटतो. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची विदा फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात ठेवली आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांना उपलब्ध करून दिल्याचे जाहीर झाले, पण ती थेट उतरवून घेता येत नाही. प्रस्ताव द्यावा लागतो, तो तपासला जातो आणि अटी मान्य कराव्या लागतात. २०१२ च्या धोरणातही खुली, नोंदणी करून मिळणारी आणि निर्बंधित असे तीन वर्ग केलेले होतेच. नवे काही शोधण्याऐवजी तेच वर्ग संशोधनाच्या विदेला नीट लावावेत.

आता दुसरी बाजूही सांगते, नाही तर सगळे डॉक्टर दडवादडवीच्या बाजूचे आहेत असे वाटेल. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट ऐन भरात असताना देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांना पंतप्रधानांकडे जाहीर आवाहन करावे लागले की, चाचण्यांची आणि रुग्णांची तपशीलवार विदा आम्हाला द्या, म्हणजे लाट कुठे आणि कशी सरकते आहे याचा अंदाज बांधता येईल. विदा गोळा झालेली होती, ती सरकारी यंत्रणेकडे होती, रुग्णांची ओळख झाकून ती देणे शक्य होते, पण कोणी, कोणाला, किती दिवसांत आणि कोणत्या अटींवर द्यायची याचा नियम आधी ठरलेला नव्हता. साथ सुरू झाल्यावर नियमावली लिहायला बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. (धागाकर्त्यांच्या विहिरींची क्षमा मागून.)

फुकट कशाला

एक साधा प्रश्न. आपण विदा खुली करणार, ती कोण वापरणार? ज्यांच्याकडे हजारो संगणक आहेत त्या परदेशी कंपन्या. त्या आपल्या पिकांची, आपल्या रोगांची, आपल्या भाषांची विदा घेऊन उत्पादने बनवणार आणि आपल्यालाच विकणार. २०२१ च्या भूस्थानिक (नकाशे व ठिकाणांच्या विदेविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत सरकारने देशी संस्थांना एक आणि परदेशी संस्थांना दुसरा नियम लावला आहे. तसाच इथेही लावावा. करदाता भारतीय आहे, तर पहिला हक्क भारतीयाचा.

खोडदचा शेजारी

@फुकट कशाला, आपण म्हणता तो धोका काही क्षेत्रांत खरा आहे, पण कुंपण घातल्यावर आत कोण राहते तेही पाहावे. मोठ्या कंपनीला भारतात उपकंपनी काढायला फार वेळ लागत नाही. कुंपणाबाहेर राहतो तो नेपाळमधला भूकंपशास्त्रज्ञ किंवा कॅनडात पोस्टडॉक करणारा आपलाच विद्यार्थी. मी सांगितलेली आकाशाची यादी परदेशस्थ गटाने केली नसती, तर ती आज कदाचित नसतीच.

सडा आणि सोनकी

मी सह्याद्रीच्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) वनस्पतींचे काम करतो. चर्चेत मला दोन गोष्टी राहून गेल्यासारख्या वाटतात आणि दोन्हींमुळे मुदतीच्या कल्पनेला धक्का बसतो.

पहिली गोष्ट ठिकाणाची. कंदीलपुष्पाच्या काही जाती जगात फक्त सह्याद्रीत सापडतात, त्यांतल्या काही तर एखाद-दुसऱ्या कड्यावर. अचूक अक्षांश-रेखांश खुले केले की पुढच्या पावसाळ्यात तिथे छायाचित्रकारांची जत्रा भरते, आणि संग्राहकांच्या हाती ते लागले तर कंदच शिल्लक राहत नाही. अशा विदेला दोन वर्षांनीही आणि वीस वर्षांनीही दार उघडता येणार नाही. ठिकाण दहा-वीस किलोमीटरच्या चौकटीइतके ढोबळ करून देणे हा रुळलेला उपाय आहे आणि धोरणात त्याला नाव घेऊन जागा हवी. ती नसली तर संशोधक सगळेच झाकून ठेवतील किंवा सगळेच उघडे करतील.

दुसरी गोष्ट मेहनतीची. दुर्बिणीला एकदा वेळ मिळाली की विदा यंत्रातून येते. माझ्या विद्यार्थिनीने चार पावसाळे एकाच सड्यावर जळवा झटकत चौकटी मोजल्या. अशा दीर्घ मालिकेची किंमत दरवर्षी वाढत जाते आणि तिच्यावरचा सर्वांत चांगला शोधनिबंध सातव्या-आठव्या वर्षी निघतो. तिची नोकरी त्या शोधनिबंधावर अवलंबून आहे. विदासंच दिल्याबद्दल आजच्या निवड समित्या तिला एक गुणही देत नाहीत. विदासंचाला स्वतंत्र कायमस्वरूपी क्रमांक, त्याचा उल्लेख आणि निवडीत व बढतीत त्याची मोजदाद, एवढे आधी द्या आणि मग मुदत मागा. उलट क्रमाने गेलात तर आपली मुले विदा गोळा करतील आणि मोठ्या शहरांतली मुले खुर्चीवर बसून त्यावर निबंध लिहितील.

आणखी एक, आणि हे मला सर्वांत अवघड वाटते. आमच्या नोंदींत निम्मी माहिती गुराख्यांची आणि कातकऱ्यांची असते: कोणता कंद कधी खणावा, कोणता उकडल्याशिवाय खाऊ नये. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याखाली गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या. या माहितीवर ‘सार्वजनिक निधी’चा शिक्का मारून ती जगाला खुली करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

कलम आणि पोटकलम

थोडे कायद्याचे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संशोधन, अभिलेखन व सांख्यिकी यांसाठी सूट आहे. मात्र त्या विदेच्या आधारे संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेले निकष पाळले जावेत, अशी अट आहे. म्हणजे ‘कायद्यामुळे देता येत नाही’ हे उत्तर पुष्कळदा अर्धसत्य असते. त्याच अधिनियमाने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधला वैयक्तिक माहितीचा अपवादही बदलला आणि व्यापक जनहिताची जी कसोटी त्या पोटकलमातच होती ती काढली. आता केवळ कलम ८ च्या दुसऱ्या उपकलमातल्या सर्वसाधारण जनहिताचा आधार उरतो. विदा मागणाऱ्या संशोधकाला हा बदल जाणवणार आहे.

सडा आणि सोनकी यांना आठवत असेल म्हणून एक जुने प्रकरण सांगतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट परिसरतज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. गुजरातपासून तमिळनाडूपर्यंतच्या घाटाचे साधारण नऊ किलोमीटर बाजूच्या सुमारे २,२०० चौकटींत मूल्यमापन केलेले होते, म्हणजे महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या खाणपट्ट्यांशी थेट संबंध असलेली विदा. मंत्रालयाने अहवाल अडवून ठेवला आणि माहिती अधिकारात मागितल्यावर तो अजून अंतिम नाही व उघड केल्यास राज्याच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हिताला बाधा येईल, असा युक्तिवाद केला. तत्कालीन केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये तो उघड करण्याचा आदेश दिला, दिल्ली उच्च न्यायालयाने मे महिन्यात तो कायम केला, तेव्हा कुठे लोकांना अहवाल वाचायला मिळाला. सार्वजनिक पैशांतून झालेल्या अभ्यासाच्या बाबतीत नऊ महिने आणि एक न्यायालय लागले. म्हणूनच राष्ट्रीय धोरणात ‘संवेदनशील’ या शब्दाची व्याख्या हवी, ती बंदिस्त हवी, आणि एखादा संच त्या वर्गात कोणी व का टाकला याची लेखी नोंद लोकांना पाहता यायला हवी. व्याख्या मोघम ठेवली तर अडचणीचे ते सगळे संवेदनशील ठरते.

गोवंडी स्टेशन रोड

इथे सगळे ‘विदा द्यावी की नाही’ यावर बोलत आहेत. ती कुठे ठेवावी, याकडे लक्ष वेधतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून करते आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून अधिक कुटुंबे होती. कुपोषण, बाळंतपण, घरगुती हिंसा यांवर देशात जे काही गंभीर लिहिले जाते त्यातले बरेचसे याच पाहणीवर उभे आहे, आणि तिची कुटुंबनिहाय विदा संशोधकांना वर्षानुवर्षे विनामूल्य मिळत आली आहे. मिळत होती ती मात्र अमेरिकी मदतीवर चालणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून. नोंदणी करायची, विषय लिहायचा आणि एक-दोन दिवसांत मंजुरी यायची. व्यवस्था इतकी सुरळीत होती की तिची किल्ली कोणाकडे आहे, असा प्रश्न कोणाला पडला नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या नव्या सरकारने त्या कार्यक्रमाचा निधी बंद केला आणि नव्या नोंदण्या थांबल्या. पुढे खासगी प्रतिष्ठानाच्या पैशांवर तात्पुरती सोय झाली, पण मधल्या काळात आमच्या ओळखीतल्या एम.फिल. आणि पीएच.डी.च्या मुलांनी एकमेकांच्या पेनड्राइव्हवरून महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची विदा मिळवली. भारतीय घरांत, भारतीय अन्वेषकांनी, दारोदार फिरून गोळा केलेली ही विदा आहे.

सांख्यिकी मंत्रालयाच्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांची विदा आता त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळते, हे चांगलेच आहे. पण तिथेही २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचा अहवाल, विदेच्या दर्जाचे कारण देऊन, नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. म्हणजे परक्याच्या घरात ठेवली तर त्याच्या लहरीवर आणि स्वतःच्या घरात ठेवली तर घरच्या कारभाऱ्याच्या लहरीवर. माझ्या मते भांडार देशात असावे, त्याची एक प्रत दुसऱ्या स्वतंत्र संस्थेकडे असावी आणि दार उघडण्याचा अधिकार विदा निर्माण करणाऱ्या मंत्रालयाकडे नसावा.

आडव्या रकान्याचा ग्रंथपाल

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, त्यामुळे धोरणांचे जे काही होते ते शेवटी माझ्या टेबलावर येऊन होते. २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या राष्ट्रीय प्रबंध-भांडारावर चढवण्याची सक्ती झाली आणि ती पाळली गेली, आज तिथे लाखो प्रबंध आहेत. सक्तीने काम होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे. पण त्या प्रबंधांची परिशिष्टे उघडा. चारशे रकान्यांचे कोष्टक आडवे छापून, स्कॅन करून, किंचित तिरके, पीडीएफमध्ये ठेवलेले असते. ते खुले आहे, डाऊनलोडही होते, पण त्याचा उपयोग शून्य. २०१६ साली मांडल्या गेलेल्या फेअर तत्त्वांत विदा सापडणारी, मिळणारी, इतर संचांशी जुळणारी आणि पुन्हा वापरता येणारी असावी, असे म्हटले आहे. आपण पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबून टाळ्या वाजवतो.

एका संशोधकाने गेल्या वर्षी स्वखुशीने मला विदा आणून दिली. फाईलचे नाव ‘फायनल-नवीन-२-खरी’. रकान्यांची नावे ए, बी, सी. पावसाच्या रकान्यात कुठे मिलिमीटर, कुठे सेंटिमीटर, आणि मोजणी झालीच नाही अशा दिवशी शून्य लिहिलेले. शून्य पाऊस आणि न मोजलेला पाऊस यांतला फरक नंतर कोणीही शोधून काढू शकत नाही. तो संच साफ करायला आम्हा दोघांना सहा आठवडे लागले, आणि त्या काळात माझे पुस्तक देवघेवीचे काम सहकाऱ्याने केले. विदा सांभाळणारा माणूस हे पूर्ण वेळेचे काम आहे. आमच्या मंजूर पदांच्या यादीत असे पद नाही, आणि आहेत त्यांतली निम्मी पदे रिक्त आहेत. धोरणात विदापालाचे पद आणि त्याच्या पगाराचे लेखाशीर्ष नसेल, तर बाकीची कलमे कितीही सुंदर असोत, ती माझ्या टेबलावर येऊन पडून राहतील.

ओहायोकर

येथील अनुभव थोडक्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २५ जानेवारी २०२३ पासून वैज्ञानिक विदा निर्माण करणाऱ्या प्रत्येक संशोधनाच्या अनुदान प्रस्तावासोबत विदा व्यवस्थापनाचा आराखडा सक्तीचा केला आणि त्याचा खर्च प्रस्तावात मागण्याची मुभा दिली. ग्रंथपालांचे म्हणणे त्या मुभेत आले आहे. अडचण दुसरीच झाली: आराखडे एकमेकांवरून उतरवले जाऊ लागले. दोन पानांचा तो कागद प्रस्तावाबरोबर जातो, पण तीन वर्षांनी त्यात लिहिल्याप्रमाणे घडले का, हे तपासायला पुरेशी माणसे नाहीत. आपल्याकडे सक्ती करायचीच असेल, तर आराखड्याऐवजी जमा केलेल्या संचातल्या नमुन्याची तपासणी करावी. दहा प्रकल्पांतून एक उचलावा आणि त्यातला एक आलेख विदेवरून पुन्हा काढता येतो का, ते पाहावे.

जुनी टिपणवही (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. माझी मूळ सूचना मी बऱ्याच अंशी मागे घेतो आहे आणि का, ते लिहितो.

सर्व विषयांना एकच मुदत, हा हट्ट चुकीचा होता. पण मुदतच नको, असेही या चर्चेत कोणी म्हटलेले नाही, हे मी लक्षात घेतले आहे. खोडदचा शेजारी यांनी जमा करणे आणि खुले करणे या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, तिथेच माझी गाठ सुटली. जमा करण्याला अपवाद नसावा: रुग्णाची विदा असो, कंदीलपुष्पाचे ठिकाण असो, ती मोजमाप होईल तशी सुरक्षित भांडारात गेलीच पाहिजे. खुले करण्याचा कालावधी आणि दर्जा मात्र विषयागणिक वेगळा असावा, तो प्रकल्प मंजूर होतानाच लिहिला जावा आणि नंतर वाढवायचा असल्यास कारण जाहीर करावे लागावे. विहिरींच्या पातळीला दोन वर्षे पुरतात. सड्यावरच्या दीर्घ मालिकेला आठ द्यावीत. जनुकीय विदेला मुदत नव्हे, देखरेखीखालचे दार असावे.

शेवटचा हप्ता अडवण्याची कल्पनाही सोडतो. आपल्याकडे शेवटचा हप्ता असाही वर्ष-दीड वर्ष उशिरा येतो आणि तो अडकल्याची झळ प्रकल्पप्रमुखाला न बसता प्रकल्पावरच्या कंत्राटी मुलांना बसते. त्याऐवजी मागील प्रकल्पाची विदा जमा नसेल तर त्याच प्रमुखाचा पुढचा प्रस्ताव विचारात घेऊ नये. पैशांचा प्रश्न ग्रंथपालांनी मांडला तो कळीचा आहे. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च १ लाख २७ हजार कोटींच्या घरात होता, सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के, आणि त्यातला निम्म्याहून अधिक सार्वजनिक पैसा. एवढ्या तुटपुंज्या रकमेतून विदापालांचे पगार काढा म्हटले की संशोधकच विरोध करतील. तो खर्च ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’सारखा केंद्राने वेगळा सोसावा, असे मला वाटते.

सडा आणि सोनकी यांच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. गुराख्याने सांगितलेली गोष्ट माझ्या वहीत उतरली म्हणून ती सरकारची होत नाही, इतकेच कबूल करतो.

सडा आणि सोनकी

आठ वर्षे मान्य. विद्यार्थिनीला विचारले, ती दहा म्हणते.

शेवटच्या प्रश्नाबद्दल: निदान संमती नव्याने मागण्याची तरतूद लिहून ठेवा. आम्ही गेल्या वर्षी तीन वाड्यांवर परत गेलो आणि कोणती माहिती बाहेर जाऊ द्यायची ते ग्रामसभेत विचारले. औषधी कंदांची नावे देऊ नका म्हणाले, गवतांची खुशाल द्या. उत्तर मिळायला दोन दुपारी लागल्या.

ओपीडी

@जुनी टिपणवही, धोरण यायचे तेव्हा येईल. ते जुन्या विदेला लागू होणार की नाही, हे आपण लिहिले नाही. माझ्या विभागात १९८० च्या दशकातल्या क्षयरोग पाहणीची कार्डे गोणपाटात बांधून ठेवली आहेत. नव्या प्रकल्पांसाठीच नियम केला, तर ती गोणपाटातच राहणार.

आडव्या रकान्याचा ग्रंथपाल

कार्डांचे सांगता येणार नाही, पण फ्लॉप्यांचे सांगतो. आमच्या ग्रंथालयाच्या माळ्यावर साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारे यंत्र आहे आणि गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते चालू स्थितीत होते. धागाकर्त्यांच्या एकोणतीस फ्लॉप्या सव्वापाच इंची असतील तर मात्र वेगळी शोधाशोध करावी लागेल. आकार कळवावा, आणि शक्यतो पावसाळ्यापूर्वी आणाव्यात; बुरशी धरली की चकती फिरत नाही. सोबत त्या वेळची मोजणीची वहीही आणावी, म्हणजे शून्य कोणते आणि न मोजलेले कोणते हे आपण समोर बसून ठरवू.

जुनी टिपणवही (धागाकर्ता)

अकरा सव्वापाच इंची आहेत, बाकीच्या साडेतीन. वही आहे. सोमवारी येतो.